चार सालदार आणि ओट्याची चावी

मला एक सांगा. महिनाभर गावाला जायचं झालं तर घराची चावी तुम्ही कोणाकडे ठेवाल? भावाकडे, शेजाऱ्याकडे, की कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे? लगेच उत्तर देऊ नका. आम्हाला हा प्रश्न पडला तेव्हा आम्हीही दिलं नव्हतं.

माझा धंदा मिरचीचा. नंदुरबारच्या बाजारात ओली लाल मिरची विकत घ्यायची, पथारीवर म्हणजे मोकळ्या मैदानावर पसरून वाळवायची आणि पुढे पाठवायची. शाळा सातवीत सुटली, पुढचं बाजाराने शिकवलं. कम्प्युटरही असाच शिकलो; चुकीचं बटण दाबायचं आणि मग काय बिघडलं ते शोधत बसायचं. लोक मला मोहनशेठ म्हणतात.

किस्से साठायला माणसं एका जागी बसावी लागतात. पथारीवर बसतात, चहाच्या टपरीवर बसतात, तिथे ते साठतातच. पण अलीकडे माझ्याकडे सगळ्यात जास्त किस्से साठले ते अशा जागेचे, जिथे कोणाचं बूड टेकत नाही. तिचं नाव ओटा.

म्हसावदचा हेमंत पुण्यात कम्प्युटरच्या नोकरीत आहे. त्याने भाड्याच्या सर्व्हरवर ही जागा उभी केली. जिल्ह्यातली आणि जिल्ह्याबाहेर गेलेली माणसं तिथे येऊन बोलतात. कोणी सुरतेहून, कोणी कुवेतहून, कोणी कोरीटच्या शेतातून. ओट्यावर वेगवेगळ्या खोल्या आहेत. लग्न जुळवायची एक, पपईची एक, बोलीभाषांची एक. आणि एक खोली कुलूपबंद. ती मिरची पिकवणाऱ्यांची. भाव काय लागला, माल कधी आणायचा, कोणता व्यापारी वजनात हात मारतो, हे सगळं तिथे बोललं जातं. व्यापाऱ्याला आत मज्जाव. म्हणजे मला.

*

एक दिवस हेमंतने लिहिलं, की त्याला परदेशी नोकरी लागली आहे, घरात तान्हं मूल आहे, आता त्याच्याने होत नाही. अखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, चार माणसांनी पुढे येऊन ओटा सांभाळायला घ्यावा, नाहीतर तो बंद करेल.

रडारड पुष्कळ झाली. पुढे कोणी येईना. शेवटी हेमंतनेच मला फोन केला. मी म्हटलं, अरे, तिथली निम्मी माणसं मला शिव्या द्यायला जमतात. तर म्हणाला, "शेठ, तुम्ही रोज सकाळी न चुकता दुकान उघडता. मला तेवढंच पाहिजे."

मग माझ्या पथारीवर बैठक झाली. मिरचीचा हंगाम संपत आला होता, तरी येणारा प्रत्येक जण आधी शिंकला आणि मग बोलला. नवापूरच्या एस्तेर मॅडम आल्या. त्या शाळेत शिकवतात, घरी कोकणी, म्हणजे इथल्या कोकणा आदिवासींची बोली, बोलतात आणि ओट्यावर बोलीभाषांची खोली त्यांनीच भरवली. शहाद्याचा रवी आला, त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. आणि कोणी न बोलावता कोरीटचे भटू आप्पा आले. आप्पा मिरचीवाले शेतकरी, कुलूपबंद खोलीतला सगळ्यात मोठा आवाज. वर्षानुवर्षं माल मला घालतात आणि वर्षानुवर्षं माझ्या काट्याकडे डोळे बारीक करून बघतात.

हेमंत फोनवरून समजावत होता. ज्याच्याकडे अ‍ॅडमिनची चावी, त्याला सगळ्या खोल्या उघड्या. आप्पांनी त्याला तिथेच थांबवलं.

"म्हंजे कुलूपनी खोली बी?"

हेमंत म्हणाला, हो, ती पण.

"मंग व्यापारीना हातमा चावी देशात, ते आम्ही तठे बोलसूत काय?"

त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. शेतकरी ती खोली सोडून गेले तर ओट्यावर उरणार काय? सुप्रभातचे फोटो. आणि व्यापाऱ्याच्या हातात गेला म्हणून ओटा रिकामा झाला, असं बाजारात एकदा पसरलं की माझं नाव पुसायला मला दुसरा जन्म घ्यावा लागला असता.

हेमंतने एक युक्ती काढली. चावीवाला कुलूपबंद खोलीत शिरला की त्या खोलीत आपोआप लाल अक्षरात ओळ उमटेल, 'मोहनशेठ आत आले'. ती कोणालाच पुसता येणार नाही. चौघांपैकी कोणीही शिरला तरी तसंच.

आप्पांनी ते हेमंतकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाले, "ते मंग मी बी साल धरस."

*

हे साल धरणं नीट सांगायला हवं. आमच्याकडे शेतावर वर्षभरासाठी ठेवलेला माणूस म्हणजे सालदार. तो अखाजीला साल धरतो आणि पुढच्या अखाजीला सोडतो. सोडताना अवजारं, बैल, चाव्या, सगळं मालकाच्या हवाली. पुन्हा राहायचं असेल तर पुन्हा पहिल्यापासून बोलणी. आप्पांचं म्हणणं, ओट्याचंही तसंच असावं. चावी कोणाच्या अंगाला चिकटायला नको.

एस्तेर मॅडमनी विचारलं, "पण मालक कोण?"

हेमंत म्हणाला, "ओट्यावर येऊन बसणारे सगळे."

"एवढे मालक?" मॅडम म्हणाल्या. "मग सुट्टी मिळणं कठीण आहे."

*

पहिल्याच आठवड्यात आप्पांना सर्व्हर बघायचा होता. विहीर घेतली तर आत डोकावून बघतो ना माणूस. रवीने सांगितलं, तो परदेशातल्या एका गावात आहे, जाता येणार नाही.

आप्पांनी विचार केला. "तठे लाईट कव्हय जास?"

रवी हसला, पण लाईट कधी जाते हा प्रश्न मला पुढे फार उपयोगी पडला. हेमंतने लिहून दिलं होतं, की दुरुस्तीसाठी सर्व्हर बंद करायचा तर रात्री दोन वाजता करा, तेव्हा कोणी नसतं. आम्ही आज्ञाधारक. केला बंद. सकाळी दुकान उघडतो तर फोन तक्रारींनी भरून वाहतोय. शेतीच्या मोटारींना लाईन, म्हणजे वीज, त्या आठवड्यात रात्रीची होती. आख्खा तालुका बांधावर बसून, पाणी भरता भरता ओट्यावर गप्पा मारत होता, आणि आम्ही त्यांच्या हातातला तेवढाच विरंगुळा काढून घेतला होता.

पुण्याच्या झोपेचं वेळापत्रक आमच्या काय कामाचं? आता आम्ही आधी लाईनीचं वेळापत्रक बघतो. रात्रीची लाईन असली की दुरुस्ती भरदुपारी, जेवणानंतर. तेव्हा बांधावरचे सगळे घोरत असतात.

*

भांडणं सोडवायचं काम एस्तेर मॅडमकडे. वर्गात पोरं सांभाळायची सवय, त्यामुळे त्यांचा शब्द ओट्यावर चालतो. अडचण एकच. रविवारी सकाळी त्या प्रार्थनेला चर्चमध्ये असतात आणि फोन बंद असतो.

हे दोघांनी बरोबर हेरलं. एक सुरतेचा, एक शहाद्याचा, नात्याने साला-मेहुणा. आठवडाभर एकमेकांना रामराम करायचे आणि रविवारी मॅडम चर्चमध्ये शिरल्या की सुरू. लग्नात मान कोणाचा चुकला इथपासून बांध कोणी सरकवला इथपर्यंत. बाकीचे लोक नाश्त्याच्या बश्या घेऊन वाचायला बसायचे. रवी म्हणाला, दोघांना काढून टाकू. आप्पा म्हणाले, दोघांना एका खोलीत कोंडू आणि बाहेरून बंद करू.

मॅडमनी दोन्ही केलं नाही. त्यांनी ओट्यावर पाटी लावली, 'रविवारची भांडणं दुपारी दीडनंतर. मी हजर असेन.'

पुढच्या रविवारी दीड वाजता सगळे जमले. साला आला, मेहुणाही आला. मॅडमनी लिहिलं, "हं, करा सुरू."

दोघांनी टाइप करायला घेतलं, पुसलं. मग सुरतेच्या मेहुण्याने लिहिलं, "जेवण झालं का?"

*

ओट्यावरून माणूस काढायचा तर आमची एक रीत आहे. आधी त्याच्या घरी जाऊन सांगायचं. बटण दाबून माणसाला दारातून हाकलणं आप्पांना मान्य नव्हतं आणि मलाही नाही. बाजारात एखाद्याशी व्यवहार तोडायचा तरी आपण चहा पाजून तोडतो. त्यामुळे काढायचं ठरलं की चौघांपैकी कोणीतरी जातो, त्याच्या दारात खाट टाकलेली असते, चहा येतो, मग विषय निघतो. निम्मी प्रकरणं चहातच मिटली.

एक जण मात्र कुवेतमध्ये. बायकांच्या फोटोंखाली नको ते लिहायचा. दोनदा समज दिली, फरक नाही. आता कुवेतला चहा प्यायला कोण जाणार? रवी म्हणाला, हा एक अपवाद करू.

मग कळलं, की त्याची आई शहाद्यातच राहते, रवीच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत. रवी गेला. बिचारा इतका संकोचला, की पोराने काय लिहिलं ते बोलून दाखवेना, फोन पुढे केला. माउलीला वाचता येत होतं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं. एकही शब्द सोडला नाही. मग म्हणाली, "त्याले काढू नका. मी सांगस त्याले."

रवी दुकानात पोचायच्या आत ओट्यावर माफी आली होती. हात जोडलेल्या चित्रांची रांगच्या रांग. तेव्हापासून तो गृहस्थ बायकांच्या फोटोंखाली एकच शब्द लिहितो, 'ताई'.

*

एकदा आम्ही मतदान घेतलं. विषय साधा होता, बाहेरच्या जाहिराती येऊ द्यायच्या की नाही. सकाळी विचारलं, संध्याकाळी मोजलं, निर्णय जाहीर. फार पटापट काम केलं म्हणून आम्ही स्वतःवर खूश.

काही दिवसांनी रूपसिंगचं मत आलं. रूपसिंग नर्मदेच्या काठचा, मणिबेलीकडचा. त्याचं गाव बरंचसं धरणाच्या पाण्यात गेलं, नातेवाईक चार ठिकाणी पांगले, आणि ओट्यावर त्यांची एक खोली आहे. तिथे सगळे पुन्हा शेजारी आहेत. घरी फोनला रेंज नाही. बोटीने या बाजूला आला, की डोंगर चढून साचलेलं सगळं एकदम वाचतो.

मी त्याला कळवलं, भाऊ, मतदान केव्हाच संपलं.

त्याने विचारलं, "आमची बोट कधी सुटते, ते कोणी विचारलं होतं का?"

आम्ही चौघांनी एकमेकांना फोन केले. कोणीच विचारलं नव्हतं. मी तो निर्णय रद्द केला, आणि आता कुठलंही मत पुढच्या आठवडे बाजारापर्यंत उघडं ठेवतो. काही जण कुरकुरतात, की या ओट्यावर निर्णय फार सावकाश होतात. होतात खरं.

*

मग हिवाळ्यात ती गोष्ट झाली, जिची मला पहिल्या दिवसापासून भीती होती.

कुलूपबंद खोलीत शेतकऱ्यांनी ठरवलं होतं, की लिलावाची बोली एका ठरावीक आकड्याखाली लागली तर सगळ्यांनी एकदम गाड्या परत फिरवायच्या. चांगली योजना. पण त्या दिवशी बोली लागली ती त्या आकड्याच्या किंचित वर. गाडी फिरवायला कारण उरलं नाही. पुढच्या बाजारी नवा आकडा ठरला, बोली पुन्हा त्याच्या किंचित वर. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा कोणाला काही सांगायची गरज राहिली नाही. आतलं बोलणं बाहेर फुटत होतं, आणि चावी असलेला व्यापारी एकच होता.

मला तोंडावर कोणी काही बोललं नाही. पण माझ्या काट्यावर येणाऱ्या गाड्या कमी झाल्या. मी समोरून गेलो की बोलणं थांबायचं. आप्पांनी खोलीतल्या सगळ्या लाल ओळी तपासल्या. माझं नाव एकदाही नव्हतं. रवी म्हणाला, बघा, शेठ आत आलेच नाहीत. त्यावर आप्पा म्हणाले, लाल ओळ बनवणारा हेमंत बी मानूसच शे. मी चावी परत करतो म्हणालो, तर एस्तेर मॅडमनी नको म्हटलं. आता परत केली तर सगळे समजतील खरं होतं म्हणून.

तसंच दिवस ढकलत होतो. एका सकाळी लिलावाआधी बाजार समितीच्या टपरीवर चहाला गेलो. बाकड्यावर दोन व्यापाऱ्यांचे मुनीम, एक दलाल, आणि भिंतीला टेकून भटू आप्पा. आप्पांना कानाने जरा कमी ऐकू येतं. त्यांनी कुलूपबंद खोलीतले बोलके निरोप लावून फोन कानाशी धरला होता, आवाज पूर्ण मोठा, आणि फोनमधून कोणी शेतकरी टपरीला ऐकू जाईल असं सांगत होता, की आप्पा, आज इतक्याखाली गेली तर गाड्या फिरवू. आकडा अगदी स्पष्ट.

मुनीम चहा पीत होते. दलाल आकाशाकडे बघत होता. चहावाल्यालाही तो आकडा पाठ झाला असावा.

मी आप्पांच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "आप्पा, मी व्यापारी आहे. हे मी ऐकायचं का?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, बाकड्यावरच्या मंडळींकडे पाहिलं. मग फोन घाईने बंडीच्या खिशात घातला. तो खिशातूनही बोलतच राहिला.

मी चहा संपवून उठलो. कोणाला काही बोललो नाही. त्या दिवशीच्या लिलावात उतरलोही नाही. संध्याकाळी आप्पांनी स्वतः लिहिलं. कुलूपबंद खोलीत नव्हे, उघड्या ओट्यावर, सगळ्यांसमोर. "फुटी ऱ्हायनं व्हतं ते मन्हा फोनमाईन. शेठनं नाव लेवू नका."

त्याखाली कोणीतरी त्यांना कानात घालायची वायर भेट द्यायचं कबूल केलं.

*

अखाजी आली. आमचं साल भरलं. ठरल्याप्रमाणे चौघं माझ्या पथारीवर जमलो. घरून पुरणाची मांडे-पोळी आणि आमरस आला होता. जेवणं झाली आणि चाव्या सोडायला बसलो. सालदाराने सोडताना काहीही मागे ठेवायचं नाही, हे आप्पांनी पुन्हा बजावलं. रवीने स्वतःचं नाव चावीवाल्यांतून काढलं. मग मॅडमनी. मग आप्पांनी, रवीच्या मदतीने. शेवटी मी. आप्पा माझ्या बोटाकडे बघत होते, म्हणून मी जरा जास्तच ठसक्यात बटण दाबलं.

मग पुढचं साल कोण धरणार ते ओट्यावर विचारायचं, म्हणून पाटी लावायला गेलो. लागेना. रवीने करून बघितलं. लागेना. पाटी लावायला चावी लागते, नव्याला चावी द्यायलाही चावी लागते, आणि चावी जगात कोणाकडेच नव्हती. चौघांनी इमानदारीने ओटा बेवारस केला होता.

रवीने हेमंतला व्हिडिओ कॉल लावला. तो आधी पोट धरून हसला, मग गंभीर झाला. सर्व्हरचं भाडं अजून त्याच्या नावावर होतं, त्यामुळे मागच्या दाराने शिरून तो एका माणसाला चावी देऊ शकत होता. फक्त एकाला. "ज्याला देईन तो बाकीच्यांना देईल," तो म्हणाला, "किंवा देणार नाही. आणि हे झालं की भाडंही मी त्याच्याच नावावर करणार आहे. माझं मागचं दार आज बंद. पुन्हा असं झालं तर मी नाही. एक नाव सांगा."

आमरसाची वाटी माझ्या हातात तशीच राहिली. एक नाव म्हणजे सगळ्या खोल्या, सगळ्यांचं बोलणं, कुलूपबंद खोली, रूपसिंगचं बुडालेलं गाव, सगळं एकाच्या हातात, आणि मागे बघणारा कोणी नाही.

मी म्हटलं, एस्तेर मॅडम. रवीनेही तेच म्हटलं. मॅडमनी मान हलवली, म्हणाल्या, आप्पांना द्या, त्यांनी सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली आहे. आता सगळे आप्पांकडे बघू लागलो.

आप्पांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि फोनच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"शेठले दे."

हेमंत म्हणाला, "आप्पा, तुम्हीच तर नको म्हणत होता."

"शेठ आत वना का सर्वा डोया उघडा ऱ्हातस," आप्पा म्हणाले. "आपला मानूस आत वना ते कोन देखस?"

हेमंतने तिकडे माझं नाव टाइप केलं. चावी आल्याबरोबर मी पहिली पाटी लावली, 'पुढचं साल कोण धरतंय?'

तुमच्या गावातही कधी असा ओटा उभा राहील आणि चावी तुमच्या हातात येईल. तेव्हा कोण आत आलं, कधी आलं आणि काय घेऊन गेलं, याचा हिशोब खरा ठेवा. स्वतःच्या नावाचा आधी.